इतिवृत्त

हर्णै. मच्छीमार सोसायटीचा वरचा हॉल, दुपारी तीन.
उपस्थिती सदतीस. सह्या एकवीस, अंगठे नऊ,
बाकीचे पंख्याखाली जागा मिळाली म्हणून बसलेले.
मी लिहायला.
बावीस वर्षं हेच लिहितो आहे:
सूचक, अनुमोदक, सर्वानुमते.

पुण्याच्या केंभावी मॅडमनी भिंतीवर जग लावलं.
निळं, सपाट,
आणि आमचा किनारा त्यात
नखातल्या मळाएवढाही नाही.
एक बाण जपानकडे, एक अमेरिकेकडे,
लाल बाण म्हणजे आयातशुल्क.
राणी मासा, त्या म्हणाल्या, इथून कारखान्यात जातो,
त्याचा लगदा होतो, लगदा गोठतो,
आणि साता समुद्रापार
खेकड्याच्या चवीचा होऊन ताटात पडतो.
मागून कुणी विचारलं,
"मग खेकडा कसल्या चवीचा करतात?"
हशा.
(हशा लिहिला नाही.)

विषय एक. शुल्कवाढीचे परिणाम.
हरेश पावशे उठले, नौका दोन, कर्ज एक.
"सोमवारी कोळंबी चारशे ऐंशी.
गुरुवारी तीनशे दहा.
समुद्र तोच, जाळं तेच, डिझेल तेवढंच पिलं इंजिनानं.
मधे फक्त बुधवार होता."
मॅडम म्हणाल्या, बुधवारी तिकडे एका कागदावर सही झाली.
पावशे म्हणाले, "मग तो कागद तरी दाखवा."
मी लिहिलं:
दरांतील चढउतारांबाबत सदस्यांनी चिंता व्यक्त केली.

विषय दोन. श्रमिकांचे स्थलांतर.
बर्फाची चिठ्ठी न्यायला आलेला टेकराज दारातच अडकला.
मॅडमनी विचारलं, समुद्र आधी पाहिला होता?
"नाही जी. इथेच पाहिला.
बायकोला फोनवर दाखवतो.
ती म्हणते, एवढं पाणी, पिता येत नाही,
तर ठेवलंय कशाला?"
पावशेंचा मुलगा मस्कतला, दुसऱ्याच्या बोटीवर.
पावशेंच्या बोटीवर हा, नेपाळातल्या कुणाचा तरी मुलगा.
याचा बाण भिंतीवर नव्हता.
चिठ्ठी घेऊन टेकराज गेला, बर्फ थांबत नाही.

विषय तीन. हितसंबंधी घटकांचा सहभाग.
भिकीबाय दोरकुळकर बसूनच बोलली.
"हितसंबंधी म्हंजे कोण?"
ज्यांचा ज्यांचा यात वाटा आहे, ते सगळे.
"वाटा तर मी रोज घालते.
शंभराला पाच बांगडे.
माझा वाटा कोण घालतो?"
पंखा फिरत राहिला.
महिला प्रतिनिधीने प्रश्न उपस्थित केला, असं मी लिहिलं.
प्रश्न उपस्थित होतात, त्यांची नोंद होते.
उत्तरांच्या हजेरीला आमच्या वहीत रकाना नाही.

विषय चार होता ठराव.
पावणेपाचला खिडकीत पहिली बोट दिसली
आणि सर्वानुमते खुर्च्या रिकाम्या झाल्या.

खाली बैलगाड्या आसापर्यंत पाण्यात.
लिलाव सुरू, आकडे ओरडून ओरडून
कावळेसुद्धा मागे सरलेले.
मॅडम चपला हातात घेऊन ओल्या वाळूत,
भिंतीवरचं जग त्यांच्या पिशवीत बंद.
भिकीबायच्या वाट्यापाशी थांबल्या.
"शंभर? ऐंशीला द्या ना."
भिकीबायनं मान वर केली.
"का वो मॅडम, बुधवार झाला काय?"

मॅडम आधी समजल्या नाहीत.
मग समजल्या, आणि त्यांचा चेहरा
मी बावीस वर्षांत एकाही वक्त्याचा पाहिला नव्हता
तसा झाला.
शंभरची नोट पुढे केली.
भिकीबायनं पाच बांगडे पिशवीत टाकले
आणि न मागता वर दोन.

रात्री वही पुढ्यात.
विषय चार पुढील सभेत घेण्याचे ठरले.
कुणी ठरवलं, ठाऊक नाही, पण असंच लिहितात.
वरचे दोन बांगडे कुठे लिहू कळेना.
शेवटी तळाशी, बारीक अक्षरात,
विषय क्रमांक न घालता:
सूचक, भिकीबाय दोरकुळकर.
अनुमोदकाची ओळ मोकळी सोडली.
उद्या कुणी सही करायला आलं तर बघू.